कॅमेरा दिसला की भाचा पळतो

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वर्षभरापूर्वी त्यांनी एक वापरलेला डीएसएलआर घेतला. सोबत कॅमेऱ्याबरोबरच येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स होती, पुढे ५० मिमी एफ/१.८ घेतली. बहिणीची दोन मुलं, चार वर्षांचा भाचा आणि नऊ वर्षांची भाची, हेच त्यांचे मॉडेल. सुट्टीच्या दिवशी दोघांना मैदानात किंवा बागेत नेऊन फोटो काढतात. व्हिडिओ बघून बघून अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ (लेन्सचं छिद्र किती मोठं, उजेड किती वेळ आत येतो आणि कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) सगळं पाठ झालंय, तरी फोटोत मुलं ‘आयकार्डासारखी’ दिसतात. भाचा कॅमेरा पाहिला की पळ काढतो, भाची ओठ ताणून दर वेळी तेच ठरलेलं हसू देते. मागच्या महिन्यात बहिणीने मोबाईलवर सहज टिपलेला भाच्याचा फोटो घरातल्या सगळ्यांनी डीपीला लावला. यांच्या त्या दिवशीच्या दीडशे फोटोंपैकी एकही कोणी मागितला नाही. त्यांचा प्रश्न असा: लांबचं जवळ आणणारी ८५ मिमीची लेन्स घ्यावी, मोठ्या सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा, की हा नादच सोडावा? सोबत स्वतःचे तीन फोटो आणि बहिणीचा तो एक पाठवलाय. खाली सही, ‘हैराण मामा’.

प्रिय हैराण मामा,

चारही फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडून बराच वेळ पाहिले. नाद सोडायचं काही कारण मला दिसलं नाही. लेन्सचं शेवटी बोलू, कारण तो प्रश्न तुम्हाला वाटतोय तितका तातडीचा नाही.

आधी बहिणीचा फोटो. त्याबद्दल तुम्ही लिहिलंय, “त्यात आईची माया आहे, ती कॅमेऱ्यात कुठून आणणार?” हे मला पटलेलं नाही. माया असेलच, पण फोटोत जे उतरलंय ते मोजता येण्यासारखं आहे. भाच्याचे डोळे झूम करून बघा. दोन्ही बुबुळांत वरच्या बाजूला एक पांढरट चौकोन आहे. ते समोरचं मोकळं आकाश. म्हणजे पोरगा इमारतीच्या सावलीत बसलाय, पण सावलीच्या अगदी कडेला, आणि त्याचं तोंड उजेडाकडे आहे. त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर ऊन सुरू होतं आणि त्या उन्हाने तापलेली फिकट फरशी खालून हनुवटीवर उजेड फेकतेय. त्यामुळे डोळ्यांखाली सावली नाही, गळ्याखाली काळोख नाही. दुसरं, मागच्या कठड्याची रेघ त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून जाते. मोबाईल त्याच उंचीवर होता, म्हणजे तुमची बहीण खाली जमिनीवर बसली होती. तिसरं, तो लेन्सकडे बघतच नाहीये. हातातले खडे दाखवत लेन्सच्या जरा वर बघतोय, आईच्या तोंडाकडे.

उजेड, उंची आणि समोर एक माणूस. तिन्ही गोष्टी तुम्हालाही करता येण्यासारख्या आहेत आणि त्यातल्या एकीलाही ८५ मिमीची लेन्स लागत नाही.

आता तुमचे फोटो.

पहिला मैदानातला. वेळ तुम्ही लिहिलेली नाही, पण भाचीची सावली तिच्या चपलांभोवतीच गोळा झालीय, त्यावरून माथ्यावरचं ऊन कळतंच. “भरपूर उजेड होता, तरी चेहरा काळवंडला,” असं तुम्ही म्हणता. उजेड भरपूर होता म्हणूनच काळवंडला. ऊन सरळ वरून आलं की कपाळ, नाकाचा शेंडा आणि गाल उजळतात, डोळ्यांच्या खोबणी मात्र भुवयांच्या सावलीत बुडतात. आपला डोळा हा फरक सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला तेवढं जमत नाही. त्यात मुलाने उन्हाकडे तोंड केलं की डोळे मिचमिचे होतात, आणि आपण त्यालाच सांगतो, “डोळे उघड नीट!” कसे उघडेल तो?

घड्याळ बघायचीही गरज नाही, स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीएवढी असेल तेव्हा सूर्य ४५ अंशांवर असतो. सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर उघड्या मैदानात चेहऱ्याचे फोटो काढायला जाऊ नका, सावली शोधा. लांब असेल तर ऊन तिरकं झालंय, आता त्याच्याशी खेळता येईल.

दुसरी एक सवय लावून घ्या. मुलांना हाक मारण्याआधी स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर समोर धरा आणि जागच्या जागी हळूहळू एक गिरकी घ्या. बोटांच्या पेरांवरचा उजेड बघत राहा. एका दिशेला मुठीवर काळ्या घळी दिसतील, दुसऱ्या दिशेला ती सपाट आणि मेलेली दिसेल, आणि मधे कुठेतरी एका बाजूने उजेड येऊन पेरं गोल, मऊ दिसू लागतील. तिथे थांबा. मुलाचं तोंड त्याच दिशेला हवं. मी इतक्या वर्षांनंतरही हे करते, भर बागेत, आणि लोक बघत असतात.

दुसरा फोटो झाडाखालचा. सावली शोधायची बुद्धी झाली हे चांगलं, पण सावली चुकीची निवडलीत. पानांमधून कवडसे पडलेत, एक कपाळावर, एक नाकावर, एक सदऱ्यावर. डोळा कवडशांना भुलतो, छान वाटतात. फोटोत ते पांढरे डाग होतात आणि नंतर कितीही एडिट करा, जात नाहीत. शिवाय वरून पानं, खालून हिरवळ, त्यामुळे गालांवर हिरवट छटा आलीय. झाडाची सावली वापरायची तर दाट झाड निवडा, आणि बुंध्याशी बसवू नका. सावली जिथे संपते तिथून पाऊल-दोन पाऊल आत मुलाला बसवा, तोंड बाहेर, उघड्या आकाशाकडे. खोडाशी आणि कडेला, दोन्हीकडे एकेक फोटो काढून शेजारी ठेवून पाहा. मधलं अंतर चार-पाच पावलांचं असतं, पण डोळे एका फोटोत विझलेले आणि दुसऱ्यात पाणीदार दिसतील. त्या बुबुळातल्या ठिपक्याला जपा. माझ्या मते चेहऱ्याच्या फोटोत सगळ्यात आधी बघायची गोष्ट तीच.

भिंतीची सावली झाडापेक्षा बरी, कारण तिला भोकं नसतात. फक्त समोरच्या भिंतीचा रंग बघा. लालभडक भिंतीवर ऊन पडलं असेल तर तो लाल रंग चेहऱ्यावर येणारच. फिकट फरशी, वाळू, पांढरी भिंत हे फुकटचे रिफ्लेक्टर. ते नसतील तर थर्माकोलचा एक पांढरा शीट भाचीच्या हातात देऊन भाच्याच्या छातीखाली, फोटोच्या चौकटीबाहेर धरायला सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला ‘असिस्टंट’ म्हटलं की ती किती मन लावून काम करते ते बघाच. तुम्ही स्वतः पांढरा शर्ट घालून समोर बसलात तरी थोडा फरक पडतो.

सावलीतले फोटो निळसर येतात अशी तुमची तक्रार आहे. सावलीवर उजेड निळ्या आकाशाचा पडतो, त्यामुळे ते होणारच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ‘शेड’वर ठेवा, किंवा रॉ म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढून घरी रंगांची ऊब वाढवा.

संध्याकाळचं कोवळं ऊन मिळालं तर मुलाची पाठ सूर्याकडे करा. केसांच्या कडेने सोनेरी रेघ येते, आणि डोळ्यांवर ऊन नसल्यामुळे पोरगं सुखाने समोर बघतं. इथे कॅमेरा फसतो. मागचा लख्ख उजेड बघून तो अख्खा फोटो गडद करतो आणि चेहरा काळा पडतो. फोटो उजळ-गडद करणारं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +१ वर न्या, आकाश पांढरं झालं तर होऊ द्या. लेन्सवर थेट ऊन येत असेल तर डाव्या हाताने आडोसा करा, टोपीच्या कडेसारखा. उलट बाजूची एक चूकही सांगून ठेवते. सावळ्या मुलांचे फोटो नवशिके हमखास उजळवून ठेवतात, त्याला ‘छान आला’ म्हणतात. चेहरा नीट दिसावा एवढाच उजेड हवा. रंग त्याचा त्यालाच राहू द्या.

ढगाळ दिवस सोपे असतात, पण अगदीच निर्धोक नाहीत. उजेड मऊ असला तरी वरूनच येतो. अशा वेळी मुलाला जरा वर बघायला लावा, म्हणजे आकाश डोळ्यांत उतरेल. मुलाच्या उंचीवर उतरा हे मी सगळ्यांना सांगते, पण ढगाळ दिवशी त्याच्या डोळ्यांपेक्षा थोडं वर राहिलेलं चालतं.

तिसऱ्या फोटोत तुम्हाला मागचं सगळं धूसर हवं होतं, म्हणून एफ/१.८, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं (आकडा वाढला की छिद्र लहान होतं). फोटोत कान लख्ख आहे, कानातली लव मोजता येईल इतका. डोळा मात्र मऊ. हा लेन्सचा दोष नाही. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने, दीड मीटरवरून, एफ/१.८ ला जेमतेम सहा-साडेसहा सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. त्याचा निम्माच भाग डोळ्याच्या मागे पडतो. चार वर्षांचं मूल श्वास घेतानासुद्धा एवढं हलतं! तुम्ही मधल्या बिंदूवर फोकस लॉक करून मग कॅमेरा वळवून चौकट जुळवता, असं लिहिलंय. त्या वळवण्यातही सेंटीमीटरभर निसटतो. एफ/४ ला तोच पट्टा साधारण चौदा सेंटीमीटरचा होतो, म्हणजे नाकापासून कानापर्यंत सगळं पोर त्यात मावतं.

“पण मग मागचं धूसर कसं होणार?” मुलाला मागच्या गोष्टींपासून दूर आणून. तुमच्या तिसऱ्या फोटोत भाचा झुडपाला टेकूनच उभा आहे, तिथे एफ/१.८ सुद्धा काय करणार? त्याला झुडपापासून दहा पावलं पुढे आणा, तुम्ही जवळ जा, आणि एफ/४ ठेवा. किट लेन्स ५५ वर ओढून एफ/५.६ लाही पाहण्यासारखा फोटो येतो. आणि ‘धूसर मागचं म्हणजे पोर्ट्रेट’ हे समीकरण कोणी शिकवलं तुम्हाला? कित्येकदा मागचा झोपाळा, भिजलेला रस्ता, तिथे वाट बघत बसलेली ताई, यामुळेच तो फोटो त्या मुलाचा होतो. मागचं विस्कळीत असेल तर धूसर करा. डोक्यातून खांब उगवला असेल तर मात्र धूसर करण्यापेक्षा एक पाऊल डावीकडे सरका.

सेटिंगचं एवढंच लक्षात ठेवा. एफ/४. बसलेल्या मुलाला शटर १/२५०, चालत्याला १/५००, पळत्याला १/१०००. आयएसओ ऑटो, कमाल ३२००. मोकळ्या सावलीत हे सगळं आरामात बसतं. आयएसओ सहसा काहीशेच्या पलीकडे जायचा नाही, आणि गेलाच तर जाऊ द्या. फोटोतला दाणा लोक माफ करतात, हललेले डोळे नाही करत. फोकस मोड सतत फोकस करत राहणारा ठेवा, एएफ-सी किंवा सर्व्हो, जे तुमच्या कंपनीत म्हणत असतील ते. फोकसचा बिंदू स्वतः निवडून कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेवा. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत हे डोळा शोधण्याचं काम कॅमेराच करतो, आणि तुमच्या जागी मला कशाचा हेवा वाटला असता तर फुल फ्रेमचा नाही, याचाच. मोबाईल वापरणाऱ्या वाचकांसाठी: मुख्य कॅमेरा बराच वाइड असतो, त्याने जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात. दोन पावलं मागे या आणि २एक्स लावा.

एवढं सगळं घरातल्या उशीवर किंवा बादलीवर सराव करून हाताला बसवा. मुलासमोर बटणं शोधत बसलात की संपलं. कारण खरी अडचण त्यापुढेच आहे.

भाचा तुम्हाला पाहून पळत नाही. तो कॅमेऱ्याला पाहून पळतो, आणि त्याच्या जागी जाऊन बघितलं तर त्यात गैर काही नाही. मामा आला, मामाने पिशवीतून एक काळी वस्तू काढली, ती तोंडावर धरली आणि मामा गायब! मग त्या काळ्या वस्तूतून आवाज येतो, “इकडे बघ, हास, हलू नको.” माझी मुलगी पाच वर्षांची असताना एकदा म्हणाली होती, “आई, तू फोटो काढतेस तेव्हा तुला तोंड नसतं.” मी तेव्हा हसले आणि पुढचा फोटो काढला. वर्षभराने जुने फोटो चाळताना दिसलं की त्या सगळ्या काळात तिच्या चेहऱ्यावर एक जरा वाट पाहिल्यासारखा भाव आहे. मी परत कधी येतेय, याची वाट.

तेव्हापासून मी कॅमेरा हनुवटीपाशी धरते. बोलताना चेहरा मोकळा, क्षण जवळ आला की वर, एक-दोन-तीन क्लिक, लगेच खाली. तुमच्या कॅमेऱ्याची मागची स्क्रीन वळत असेल तर पोटाशी धरूनही जमेल, त्यात फोकस थोडा संथ होतो, ते चालवून घ्या.

मग करायचं काय? माझी पद्धत अशी की जागा मी ठरवते आणि त्या जागेत काय करायचं ते मूल ठरवतं. तुम्ही नेमकं उलटं करता. मूल जिथे असेल तिथे त्याला पकडता आणि मग कसं उभं राहायचं, कुठे बघायचं, किती हसायचं, सगळं सांगत बसता. त्याऐवजी मुठीने उजेड शोधा, सावलीच्या कडेला तुमची चौकट मनात आखा, आणि मुलाला तिथे गुंतवणारं एखादं काम ठेवा. खडे रचणं, काडीने मातीत रेघोट्या, बुटाची नाडी, साबणाचे फुगे, काहीही. हाताला काम असलं की खांदे सैल पडतात. हात कुठे ठेवायचे हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही समोर खाली बसा. उकिडवे बसलात तर पाच मिनिटांत पाय भरून येतील आणि तुम्ही घाई कराल, त्यापेक्षा सरळ मांडी घाला किंवा पोटावर झोपा. कपडे मळतील. बहिणीचेही मळले असतील.

पहिली पाच मिनिटं फोटो काढू नका. कॅमेरा गळ्यात असू द्या, खडे रचायला मदत करा. जमलं तर भाच्याच्या हातात कॅमेरा द्या, पट्टा त्याच्या गळ्यात घालून, खाली तुमचा हात ठेवून. त्याला तुमचे दोन फोटो काढू द्या. मान नसलेला मामा येईल, तरी मनापासून वाहवा करा. ज्या वस्तूने आपणही काहीतरी करू शकतो, तिची भीती बरीच कमी होते.

लेन्सकडे बघायला हवं असेल तर “इकडे बघ” म्हणू नका. “या काचेत कोण दिसतंय बघ बरं,” म्हणा. लेन्सच्या काचेत त्याचं इवलंसं प्रतिबिंब दिसतं, तो वाकून बघतो, आणि डोळे अगदी हवे तिथे येतात. हसू हवं असेल तर हसायला सांगू नका, चुकीचं बोला. “ताई तुझ्याहून लहान आहे ना रे?” चार वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची चूक दुरुस्त करण्यासारखा आनंद दुसरा नाही. आणि फोटो हसण्याचा काढायचा की हसून झाल्यानंतरचा? मी नेहमी दुसरा काढते. खिदळताना डोळे मिटतात, तोंड फाकतं. हसू ओसरताना एक सेकंद चेहरा उघडा असतो, त्यात हसूही असतं आणि मूलही. बहुतेक जण नेमक्या त्याच सेकंदाला स्क्रीनवर मागचा फोटो बघत असतात.

धावणाऱ्या मुलाला थांबवू नका, धावणं तुमच्याकडे वळवा. सावलीच्या कडेपाशी जमिनीवर एक रेघ ओढा. “तिथून पळत यायचं आणि या रेघेवर पुतळा व्हायचं.” तुम्ही रेघेवर आधीच फोकस करून बसलेले. तो दहा वेळा येईल, दहातले दोन कामाचे निघतील. पंधरा-वीस मिनिटांत गुंडाळा, तो अजून खेळायच्या मूडमध्ये असतानाच. कंटाळून रडेपर्यंत ताणलंत तर पुढच्या वेळचा फोटो आजच घालवून बसाल.

मुलं हलतात हे दुखणं जुनं आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरून या जुन्या काळच्या फोटोग्राफर बाईंचा जन्म १८१५ चा, कोलकात्याचा. त्यांना पहिला कॅमेरा वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीकडून आणि जावयाकडून भेट मिळाला. काचेच्या कोंबडीखान्याचा स्टुडिओ केला. त्या काळी एका फोटोसाठी कित्येक सेकंद, कधी मिनिटं निश्चल बसावं लागे. त्यांनीच लिहून ठेवलंय की दोन मुलांचा फोटो हातातोंडाशी आला होता आणि एकाला हसू फुटलं, फोटो गेला. मग त्यांनी एकाच मुलीला बसवलं आणि तिला विनवलं, तू हललीस तर माझी रसायनं आणि मेहनत वाया जाईल गं. जानेवारी १८६४ मध्ये अ‍ॅनी नावाच्या त्या लहान मुलीचा फोटो आला. बाईंनी त्याला ‘माझं पहिलं यश’ म्हटलं आणि आनंदाच्या भरात तिला देण्यासाठी भेटवस्तू शोधत घरभर धावल्या. फोटो जणू त्या मुलीनेच बनवलाय, असं त्यांना वाटलं होतं. तुमच्याकडे १/५०० सेकंद आहे, विनवणी करायची गरज नाही. पण दोघांना एकत्र बसवण्याआधी एकेकाचा फोटो काढा, हे त्यांच्याकडून घ्या. दोन मुलांच्या फोटोत अडचण दुप्पट नाही, चौपट होते.

भाचीचं प्रकरण वेगळं आहे. नऊ वर्षांच्या मुलीला आपण कसे दिसतो हे कळायला लागलेलं असतं. ते ताणलेलं हसू तिने तुमच्यासाठीच तयार ठेवलंय, कारण मामाला हसू दिलं की सुटका होते. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच मांडलं होतं की ओठांचे कोपरे आपण ठरवून उचलू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा मनापासून हसल्याशिवाय साथ देत नाही. म्हणून सांगून आणलेलं हसू ओठांवरच थांबतं. तिला न हसण्याची परवानगी द्या. “आज गंभीर फोटो काढू, चित्रकार असतात ना तसे,” म्हणा. मुली अशा वेळी जे चेहरे देतात ते बघण्यासारखे असतात, आणि दोन मिनिटांनी गंभीर राहणं अशक्य झालं की खरं हसू आपोआप फुटतं. काढलेले फोटो तिला दाखवा आणि तिला नको असलेले तिच्यासमोर डिलीट करा, तुम्हाला आवडले असले तरी. आणि ती ‘आज नको’ म्हणाली तर कॅमेरा पिशवीत. मी तुमच्या पत्रात हे शोधत होते, की तुम्ही तिला कधी विचारलंय का. सापडलं नाही.

घरी आल्यावरचं थोडक्यात. दीडशेतले दहा ठेवा, बहिणीला पाच पाठवा. दीडशे फोटो एकदम पाठवले की कोणी एकही बघत नाही, तुमचे न मागितले जाण्याचं हेही एक कारण असावं. त्वचा गुळगुळीत करणारं बटण विसरा, मुलांना त्याची गरज नसते. गुडघ्यावर, मनगटावर किंवा मानेवर फोटो कापू नका, सांध्याच्या जरा वर किंवा खाली कापा. फोटो बाहेर कुठे टाकायचे तर आधी आईबाबांना विचारा, शाळेचं नाव किंवा घराचा पत्ता दिसतोय का बघा, आणि मोबाईलच्या फोटोत जागेची नोंद लपलेली असते ती काढून टाका. मैदानातलं दुसऱ्या कोणाचं मूल फोटोत स्पष्ट आलं असेल तर तो फोटो घरातच राहू द्या.

आता लेन्स. ८५ मिमी वाईट नाही, पण तुमच्या छोट्या सेन्सरवर ती १२७ मिमीच्या आसपास वागेल. भाच्याचा अर्धा देह चौकटीत बसवायला तुम्हाला बरंच मागे जावं लागेल, तिथून कुजबुज ऐकू जाणार नाही, ओरडावं लागेल. आणि तो धावत अंगावर आला की काहीच मावणार नाही. लाजऱ्या मुलाला लांबून टिपायला ती लेन्स उत्तम, पण तुमचा भाचा लाजरा नाही, तो खेळायला कोणी बघतोय. फुल फ्रेमबद्दल तर मी बोलतच नाही. तुमच्या तीन फोटोंतली एकही चूक तो कॅमेरा दुरुस्त करणार नाही. कानावर फोकस गेलेला फोटो तो आणखी महागात काढेल.

तीन महिने ५० मिमी वरच काढा. मग ठेवलेले सगळे फोटो एका फोल्डरमध्ये घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, इथे मला पुढे जायचं होतं की मागे? पुढे जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, असे बरेच निघाले तर ८५ घ्या. भिंत आड आल्यामुळे मागे जाता आलं नाही, असे निघाले तर चौकटीत जास्त मावणारी ३५ बघा. दोन्ही नसेल तर पैसे वाचले, त्यातून फोटो छापून घ्या.

छापायचं निघालंच आहे तर बहिणीकडून तिच्या त्या फोटोची मूळ फाइल मागून घ्या. मेसेजमधून आलेला फोटो आकसलेला असतो, मोठा छापला की फाटतो. मूळ फाइल घ्या, छापून भिंतीवर लावा, आणि पुढच्या सुट्टीला तीच जागा, तीच वेळ गाठून भाच्याला तिथे खडे रचायला बसवा.